डोंगरवाटा, रक्तातली साखर आणि खिशातले युरो



मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात करंज्यांचे ताट दुसऱ्यांदा समोर आले आणि मी "नको" म्हटले, तेव्हा दोन-तीन काकूंनी काळजीने विचारले, "काय रे, बरं नाही का?" ताट हातात धरून उभ्या-उभ्या सांगण्यासारखे ते उत्तर नव्हते. ते आज या "आरोग्य आणि अर्थ" सदरातून सविस्तर देतो. लेखाचा विषय तसा भटकंतीचा आहे: कार्ल्सरुहेच्या आसपास, श्वार्त्सवाल्डच्या उत्तर भागातल्या स्नानतीर्थांच्या गावांभोवती असलेल्या माझ्या आवडत्या डोंगरवाटा. पण या वाटांवर मी हौसेने गेलो नाही. मला डॉक्टरांनी पाठवले.

एका आकड्याची गोष्ट

जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा, म्हणजे क्रांकेनकासे, असलेल्या प्रत्येकाला १८ ते ३४ या वयात एकदा आणि ३५ पासून पुढे दर तीन वर्षांनी संपूर्ण तपासणी विनामूल्य मिळते. आपल्यापैकी किती जण ती करून घेतात? मीही घेतली नसती. पत्नीने परस्पर वेळ ठरवली म्हणून गेलो. वय ३६, वजन ७१ किलो, उंची १७४ सेंटीमीटर. स्वतःला मी सडपातळ समजत होतो. अहवालात उपाशीपोटी साखर ११२ निघाली. १०० च्या आत असेल तर ठीक, १२६ आणि त्यापुढे मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी उंबरठ्यावर उभा होतो. माझे आजोबा आणि बाबा दोघेही तो ओलांडून गेलेले.

आमच्या हाउसआर्त्स्ट बाईंनी, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरांनी, वजन-उंचीचा तक्ता पाहिला. माझा निर्देशांक २३.५ आला. "तक्त्याप्रमाणे तुमचे वजन योग्य आहे," त्या म्हणाल्या. मग टेप घेऊन कंबर मोजली: ९४ सेंटीमीटर. "पण तुम्ही भारतीय आहात. तुमच्यासाठी हा तक्ता थोडा लबाड आहे."

घरी येऊन वाचन केले, तेव्हा या लबाडीचा शोध आपल्या पुण्यातच लागलेला आहे असे कळले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यांना आढळले. "बारीक पण चरबीयुक्त" असे हे भारतीय शरीर. २००४ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून आले होते. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा एकच, पण तराजूत पडलेला माल वेगळा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. कंबरेची मर्यादाही आपल्यासाठी कमी धरतात: पुरुषांना ९० सेंटीमीटर, स्त्रियांना ८०.

आता चांगली बातमी. उंबरठ्यावरून मागे फिरता येते. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आहार सांभाळून वजन सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढ्यावर नव्या मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे पाय गोळीपेक्षा वरचढ ठरले.

व्यायामशाळा का नको?

कारण मी ती करून पाहिली. वर्षभर वर्गणी भरली आणि मोजून नऊ वेळा गेलो. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा एका बंद खोलीत, पडद्यासमोरच्या पट्ट्यावर धावायचा कंटाळा येतो. शिवाय व्यायामशाळेत मी एकटाच जाणार, घरची मंडळी घरीच. डोंगरावर सगळे जातात.

यामागचे शास्त्रही सोपे आहे. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात, आणि काम थांबल्यावरही काही तास हा परिणाम टिकतो. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू, आणि चढ त्यांना कामाला लावतो. उतारही वाया जात नाही. ऑस्ट्रियातल्या फोरार्लबर्ग भागात एका गटाला चढून रोपवेने खाली यायला आणि दुसऱ्याला रोपवेने वर जाऊन चालत उतरायला लावून तपासले गेले. चढणाऱ्यांच्या रक्तातली चरबी चांगली घटली आणि उतरणाऱ्यांची साखर सुधारली. तेव्हा "रेल्वेने वर, चालत खाली" याला कोणी आळस म्हटले तर त्यांना हा दाखला द्यावा. मात्र गुडघे कुरकुरत असतील तर उतारापेक्षा चढ बरा, आणि हातात दोन काठ्या असाव्यात.

वाट किती वेळ खाईल?

आमच्याकडे वाटेची लांबी किलोमीटरमध्ये विचारतात आणि इथेच फसतात. जर्मन गिर्यारोहकांचा हिशेब तासांत असतो आणि तो पाठ करण्यासारखा आहे. सपाटीवर ताशी ४ किलोमीटर, चढ ताशी ३०० मीटर, उतार ताशी ५०० मीटर. सपाटीचा वेळ आणि उंचीचा वेळ वेगवेगळा काढायचा. मोठा आकडा पूर्ण धरायचा, लहान आकडा निम्मा, आणि दोन्हींची बेरीज करायची.

समजा वाट ६ किलोमीटरची आणि चढ ५०० मीटरचा आहे. अंतराचा वेळ दीड तास. चढाचा वेळ एक तास चाळीस मिनिटे. मोठा आकडा एक तास चाळीस, त्यात दीड तासाचे निम्मे, म्हणजे ४५ मिनिटे. एकूण दोन तास पंचवीस मिनिटे, आणि यात विश्रांती नाही. मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी या आकड्याला सरळ दीडने गुणतो. सहा किलोमीटर म्हणजे "तासाभराचे काम" असे समजून निघालेली मंडळी डिसेंबरात साडेचारलाच अंधारात सापडतात.

वाटेवरच्या खुणांबद्दलही थोडे. श्वार्त्सवाल्डमध्ये १८६४ साली स्थापन झालेला गिरिभ्रमण संघ आहे. त्याचे स्वयंसेवक झाडांवर आणि खांबांवर चौकटच्या पत्त्यासारख्या खुणा लावतात. पिवळी खूण गावाजवळच्या वाटांची, निळी मोठ्या प्रादेशिक वाटांची आणि लाल खूण पल्लेदार वाटेची. प्फोर्त्सहाइमहून बाझेलपर्यंत जाणारी २८५ किलोमीटरची "वेस्टवेग" ही लाल खुणेची प्रसिद्ध वाट १९०० सालची आहे. प्रत्येक फाट्यावर पाटी असते आणि तिच्यावर त्या जागेचे नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपल्या सह्याद्रीत गुराख्याला विचारून जाणाऱ्याला ही चैनच वाटते.

माझ्या चार आवडत्या जागा

या भागातल्या पुष्कळ गावांच्या नावात "बाड" असते. "बाड" म्हणजे स्नान. शासनाने मान्यता दिलेल्या आरोग्यगावाला हा शब्द नावामागे लावता येतो. तेव्हा नकाशावर "बाड" दिसले की तिथे बहुधा औषधी पाणी, बागा, बाकडी आणि नीट राखलेल्या वाटा असणार असे खुशाल समजावे.

पहिली जागा बाड हेरेनआल्ब. कार्ल्सरुहेहून एस-१ ही ट्रामगाडी थेट जाते. ज्यांनी आयुष्यात डोंगर पाहिला नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. आल्ब नदीच्या काठाने वाट जवळजवळ सपाट जाते, बाबागाडीही चालते. गावात बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष आहेत. नदीच्या काठाने खाली चालत गेले की फ्राउएनआल्बच्या दुसऱ्या मठाचे भग्न मनोरे लागतात. तिथेच गाडीचा थांबा आहे, त्यामुळे दमलेल्यांनी परत चालायची गरज नाही. माझी पहिली १५० मिनिटे मी इथेच पुरी केली. आईला ही वाट फार आवडते, कारण पाणी सतत कानावर येते.

दुसरी जागा बाडेन-बाडेन. रोमन लोकांच्या काळापासून इथल्या गरम पाण्यात माणसे डुंबत आली आहेत. झऱ्यांचे पाणी ६८ अंशांपर्यंत तापलेले असते. २०२१ साली युनेस्कोने युरोपातील ११ स्नाननगरे जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यात हे एक. बहुतेक पाहुणे जुगारगृह आणि बागा पाहून परततात. त्यांनी खरे बाडेन-बाडेन पाहिलेलेच नसते. गावाच्या पूर्वेला ६६८ मीटर उंचीचा मेर्कूर डोंगर आहे. त्यावर १९१३ सालापासून दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे चालते. वृद्धांना रेल्वेने वर न्यावे आणि आपण चालत जावे. माथ्यावरून ऱ्हाइनचे खोरे आणि हवा चांगली असेल तर पलीकडच्या फ्रान्समधले डोंगरही दिसतात.

गावाच्या उत्तरेला जुन्या होहेनबाडेन किल्ल्याचे अवशेष आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. किल्ला म्हटला की आपले पाय आपोआप वळतातच. तिथल्या मोठ्या दालनाच्या खिडकीत वाऱ्यावर वाजणारी उंच वीणा उभी केली आहे. तिला १२० तारा आहेत. वारा आला की ती स्वतःच गुणगुणते. किल्ल्यामागे बाटर्टचे खडक आहेत, पण मुलांना तिथे कड्याच्या बाजूला सोडू नये. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आलात तर गेरोल्ड्साऊच्या धबधब्याकडेही जा. तेव्हा ओढ्याकाठची वाट फुललेली असते. वाट सोपी आहे.

तिसरी जागा बाड विल्डबाड. प्फोर्त्सहाइमहून एस-६ जाते. १९०८ साली सुरू झालेली सोमरबर्गची रेल्वे गावातून थेट पठारावर नेते. तिथे २०१४ पासून झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी सव्वा किलोमीटरची लाकडी वाट आहे आणि शेवटी ४० मीटरचा मनोरा. चढ इतका हळूहळू आहे की चाकांची खुर्चीही जाते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या सासूबाईंनी वरून जंगल पाहिले ते इथेच. शेजारचा ३८० मीटर लांबीचा झुलता पूल हे निराळे प्रकरण, आणि त्याचे तिकीटही निराळे. सासूबाई तिकडे वळल्या नाहीत, पण माझ्या आठ वर्षांच्या मुलीने तो दोनदा ओलांडला.

चौथी जागा मुमेलझे आणि आसपास. बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावर १०३६ मीटर उंचीवर हे काळेशार तळे आहे. तळ्याला वेढा घालायला अर्धा तास पुरे होतो, पण तिथे गर्दी असते. खरी मजा वर होर्निसग्रिंडेवर. ११६४ मीटर उंचीचे हे उत्तर श्वार्त्सवाल्डचे सर्वांत उंच ठिकाण. वरती दलदलीचा सपाट प्रदेश आणि बोचरा वारा. महाबळेश्वरच्या पावसाळ्याची आठवण करून देणारे धुके तर विचारूच नका.

त्याच रस्त्यावर पुढे "लोथार वाट" लागते. २६ डिसेंबर १९९९ रोजी लोथार नावाच्या वादळाने काही तासांत इथली जंगलेच्या जंगले आडवी केली. त्यातला एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवला आणि पडलेल्या खोडांमधून शिड्या-पुलांची छोटी वाट केली. माणसाने हात न लावता जंगल पुन्हा कसे उभे राहते ते तिथे दिसते. २०१४ साली या भागात राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. मुलांना शाळेतल्या दहा धड्यांपेक्षा ही वाट जास्त शिकवते. अजून वेळ असेल तर आलरहाइलिगेनचा मठ आणि त्याच्या खालचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा चुकवू नये. या बाजूला बस मोजक्याच असतात. परतीची बस आधी पाहावी, मग चढावे.

आता हिशेब

या सदराचे दुसरे नाव "अर्थ" आहे, तेव्हा खिशाकडे वळू.

प्रवास: डॉइचलांड-टिकेट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाले. जानेवारी २०२५ पासून ते ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. नोकरीसाठी ते काढलेलेच असेल तर वरच्या ट्राम, लोकल आणि नेहमीच्या बसगाड्यांचा वेगळा खर्च नाही. डोंगरावरच्या छोट्या रेल्वेचे तिकीट मात्र वेगळे असू शकते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पाहुणे आले असतील तर पाच जणांपर्यंत चालणारे राज्याचे एक दिवसाचे तिकीट पाहावे. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालते.

मुक्काम: आरोग्यगावात राहिलात की खोलीच्या भाड्याखेरीज दरडोई दररात्री कूरटाक्स नावाचा कर पडतो. पुष्कळ जण तो देताना कुरकुरतात आणि त्याच्या बदल्यात मिळणारे पाहुण्यांचे कार्ड खिशातच विसरतात. श्वार्त्सवाल्डमधल्या अनेक गावांत या कार्डावर "कोनुस" असे चिन्ह असते. ते असेल तर मुक्कामाच्या काळात त्या भागातल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. प्रत्येक गाव या योजनेत नाही, म्हणून खोली ठरवतानाच विचारावे. चार माणसांच्या कुटुंबाला कूरटाक्स वसूल होऊन वर पैसे उरतात.

विमा: बहुतेक क्रांकेनकासे तपासण्या, लसी आणि व्यायाम यांबद्दल बक्षीस देतात. एक पुस्तिका किंवा अ‍ॅप असते, त्यात शिक्के जमवायचे. मी पाच वर्षे ती पुस्तिका उघडलीच नव्हती. शिवाय डॉक्टरांनी गरज लिहून दिली आणि कासेने मंजुरी दिली तर आरोग्यगावातल्या प्रतिबंधक उपचारांचा खर्च कासे उचलते आणि राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी दिवसाला १६ युरोपर्यंत मदत देऊ शकते. घर, नोकरी आणि मुले यांत पिचलेल्या आई-वडिलांसाठी मुलांसह तीन आठवड्यांचा आरोग्यनिवासही असतो. मोठ्यांनी दिवसाला १० युरो भरायचे. "लोक काय म्हणतील" म्हणून आपल्या बायका हा अर्ज करत नाहीत. ही भीक नव्हे, आपल्याच पगारातून दर महिन्याला कापलेल्या वर्गणीचा तो परतावा आहे.

मंगळवारची गोष्ट

आता जे सांगायला जड जाते ते सांगतो.

यंदाच्या मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून आले. बाबा ६८ वर्षांचे, पंधरा वर्षांचा मधुमेह, पण रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारे. एका मंगळवारी रजा घेऊन मी त्यांना मुर्ग नदीच्या खोऱ्यातल्या एका वाटेवर नेले. "हा काय डोंगर आहे? आपल्या अजिंक्यताऱ्याच्या निम्मा," बाबा म्हणाले. सकाळी त्यांनी साखरेची गोळी घेतली आणि अर्धाच टोस्ट खाल्ला, कारण वर खानावळ होती आणि मीच म्हटले होते, "बाबा, वर गरम गरम जेवू." आईने डबा करते म्हटले. मी म्हटले, "कशाला ओझं?"

दोन तासांनी वर पोचलो तर दारावर पाटी: "आज रूहेटाग." इथल्या खानावळींची आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारी नसते, बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी असते. हे मला माहीत होते. पाहिले नव्हते, एवढेच.

उतरताना बाबा गप्प झाले. मला वाटले रागावलेत. मग त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारू लागले. आईने ओळखले. "अरे, साखर उतरली त्यांची!" पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. गोड काहीच नव्हते.

मागून येणाऱ्या एका जर्मन आजीबाईंनी काही न विचारता खिशातून द्राक्षसाखरेच्या गोळ्या काढल्या आणि बाबांच्या हातात ठेवल्या. मी ११२ फिरवला. "कुठे आहात?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजीबाईंनी झाडाशेजारची हिरवी पाटी दाखवली. पांढरा क्रॉस आणि एक क्रमांक. तो क्रमांक सांगितल्यावर जंगलाच्या रस्त्याने वीस मिनिटांत रुग्णवाहिका आली. गोळ्या चघळूनही साखर ५४ होती. बाबा घेत असलेल्या प्रकारच्या गोळीचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना रात्रभर रुग्णालयात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत घरी आले आणि पहिले वाक्य बोलले, "खानावळ कधी उघडते रे?"

बिल आले १९४० युरोंचे. विमा कंपनीचे पत्र सात आठवड्यांनी आले: आजार आधीपासूनचा होता, पॉलिसीत तो वगळलेला आहे, पैसे मिळणार नाहीत. पॉलिसी मीच काढली होती. व्हिसाला किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लागते, तेवढे बघून सर्वांत स्वस्त निवडली. जुन्या आजाराच्या अचानक बिघाडाचा खर्च देणारी दुसरी पॉलिसी ३८ युरोंनी महाग होती. त्या ३८ युरोंचा विचार मी हिवाळाभर करणार आहे. पण पैशांचे काही नाही. बाबांनी मला काकांच्या नावाने हाक मारली तो क्षण मात्र अजून झोपेत येतो.

निघण्यापूर्वी

या अनुभवातून आमच्या घरच्या दारामागे एक यादी चिकटवली आहे. तुम्हीही चिकटवा.

१. मधुमेही माणूस बरोबर असेल तर त्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचे हे आधीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, आणि उपाशी तर मुळीच चालू नये. प्रत्येकाच्या खिशात द्राक्षसाखर असावी, पिशवीत नव्हे. साखर उतरली तर १५ ते २० ग्रॅम गोड, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजणी, आणि बरे वाटल्यावर पोटभर खाणे. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नये, ११२ फिरवावा.

२. डबा घ्यावाच. थालीपीठ, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डोंगरावर बिस्किटांपेक्षा जास्त वेळ साथ देतात. खानावळीत जाणार असाल तर रूहेटाग पाहावा. शाकाहारी मंडळींनी चीजच्या पदार्थातही डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारावे.

३. वाटेत हिरवी पाटी दिसली की तिचा क्रमांक मोबाइलवर टिपून ठेवावा. जीवघेणा प्रसंग नसेल आणि दवाखाने बंद असतील तर ११६११७ हा क्रमांक डॉक्टरांसाठी आहे.

४. गोचिडी. बाडेन-व्युर्टेमबर्ग जवळजवळ पूर्ण राज्य मेंदूज्वराच्या गोचिडींचे क्षेत्र आहे. तीन टोचण्यांची लस इथे राहणाऱ्यांना कासे देते. ती जरूर घ्यावी, कारण या आजारावर नेमके औषध नाही. गोचिडींपासून होणाऱ्या दुसऱ्या आजारावर, बोरेलियोसिसवर, लस नाही, पण प्रतिजैविके आहेत. घरी आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागे आणि केसांत पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, तेल किंवा डिंक लावू नये. चावल्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरले तर लगेच डॉक्टर.

५. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांना आपल्या कासेत सामावून घेता येत नाही. कौटुंबिक विमा जोडीदार आणि मुलांपुरताच असतो. त्यांची पॉलिसी घेताना "आधीचे आजार" हा परिच्छेद आधी वाचावा, किंमत नंतर.

६. आपल्यासाठीही लक्षात ठेवावे की कामावरच्या अपघाताचा सक्तीचा विमा रविवारच्या सहलीला लागू नाही. जखमी झालात तर आवश्यक रुग्णवाहिकेचा खर्च कासे देते, पण इजा नसताना केवळ वाट चुकल्यामुळे शोधाशोध झाली तर त्याचे बिल आपल्याला येऊ शकते. आल्प्सकडे नेहमी जाणाऱ्यांनी जर्मन आल्पाइन संघाचे सभासदत्व पाहावे. त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत शोध आणि बचावाचा विमा असतो.

७. बूट. खेळाचे गुळगुळीत बूट ओल्या पानांवर घसरतात. मी १२० युरोंचे घोट्यापर्यंतचे बूट घेतले तेव्हा जीवावर आले होते. आजवर चाळीस वेळा घातले, म्हणजे एका फेरीला तीन युरो. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र वापरलेलेच घ्यावेत.

शेवटी

उंबरठ्याचे काय झाले? अकरा महिन्यांनी पुन्हा तपासले. उपाशीपोटी साखर ९८, कंबर ८८. भात निम्मा केला आणि करंज्यांना नको म्हटले त्याचाही त्यात वाटा आहे. श्रेय एकट्या डोंगराला देणार नाही. आणि ९८ म्हणजे मुक्ती नव्हे. चालणे थांबले की आकडा परत वर सरकतो, हे मला माझ्याच घरातल्या दोन पिढ्यांनी दाखवून दिले आहे.

आई-बाबा परत जाण्याच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे बाडेन-बाडेनला गेलो. बाबा आणि आई रेल्वेने मेर्कूरवर गेले, आम्ही चालत. वर पोचलो तेव्हा बाबांनी डबा उघडून ठेवला होता, साखर मोजून झाली होती, आणि खिशातल्या द्राक्षसाखरेतली एक गोळी ते नातीला देत होते. "आजोबा, ही औषधाची आहे ना?" तिने विचारले. "हो," बाबा म्हणाले, "म्हणून एकच."

तर मंडळी, आधी तपासणीची वेळ ठरवा, मग पुढच्या रविवारी गाडी धरा. बाड हेरेनआल्बच्या काठाने सुरुवात करा. आणि डबा विसरू नका.